१००० किलोची गाडी ताशी ७२ किमी वेगाने जाताना ५ सेकंदांत थांबली, तर तिला थांबवणारे बल किती?

आधी एकक बदला, बहुतेकांचे गणित इथेच चुकते. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर (७२ ला ३.६ ने भागायचे). शेवटचा वेग शून्य.

त्वरण = (० − २०) ÷ ५ = −४ मी/से². न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल = वस्तुमान × त्वरण = १००० × (−४) = −४००० न्यूटन. ऋण चिन्ह पुसू नका. बल गतीच्या विरुद्ध दिशेला आहे हे तेच सांगते.

हे बल ब्रेकचे, असे पुस्तकात सर्रास लिहितात. खरे तर ब्रेक फक्त चाकाचे फिरणे रोखतो. गाडीला मागे ढकलणारे बाहेरचे बल म्हणजे रस्ता आणि टायर यांच्यातले घर्षण. म्हणून तर पहिल्या पावसात रस्ता निसरडा झाला की ब्रेक उत्तम असूनही गाडी घसरते.

वेळेऐवजी अंतर दिले असेल तर v² = u² + 2as वापरा (u सुरुवातीचा वेग, v शेवटचा वेग, a त्वरण, s अंतर). इथे अंतर ५० मीटर येते. वेग दुप्पट करून तेवढेच बल लावले, तर वेळ दुप्पट लागतो, पण अंतर चौपट, म्हणजे २०० मीटर होते. हे स्वतः करून बघाच.