पहिली बोट बांधतोयस तर आधी हे वाच

भावा, बोटीत उभं राहून धनुष्याने माशांना बाण मारायचाय म्हणजे बोट हलता कामा नये, म्हणून तळ सपाटच ठेव आणि रुंदी ४ फुटाच्या खाली नको. १० बाय ४ फुटाचा सपाट तळ साधारण ३७ किलोला १ सेंमी बुडतो, म्हणजे बोट, बॅटरी, दोघं जण धरून ३०० किलो झाले तरी ८-९ सेंमीच. पुढचा, उभं राहायचा प्लॅटफॉर्म उंच करायचा मोह होतो, माझाही झाला होता, गंगापूर धरणाच्या गार पाण्यात सरळ आडवा झालो 😅 प्लॅटफॉर्म बुटका ठेव, बॅटरी मागे तळाशी. प्लाय मरीनच (पाण्यात टिकणारा) घे, कापलेल्या कडांना इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) पाज नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. आणि हो, परवानगीचं आधी विचार, लाइफ जॅकेट घालच.