ॲपलेशियन ट्रेलचा पट्टा सांभाळायला घेताना

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलेशियन ट्रेल या लांब पायवाटेचा न्यू जर्सीतला पट्टा स्वयंसेवक म्हणून सांभाळायला मिळाला, छान! पण रंगाचा डबा आधी बाजूला ठेव. पहिलं काम पाण्याचं. उतारावर तिरके बसवलेले दगड-ओंडके पाणी वाटेबाहेर काढतात. त्यांच्यामागे पाला-गाळ साचला की पाणी वाटेवरूनच धावतं आणि माती घेऊन जातं. सह्याद्रीत पायवाटांच्या घळी झालेल्या पाहिल्या असशीलच. म्हणून पानगळीनंतर गाळ उपस, वाटेबाहेर खालच्या अंगाला टाक आणि निचऱ्याचं तोंड रुंद ठेव.

झाडांवरच्या, वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या खुणा २ बाय ६ इंचांच्याच. एकावर एक दोन म्हणजे पुढे वळण. झाडागणिक रंगवत सुटू नकोस. प्रमाणपत्राशिवाय चेनसॉला (यांत्रिक करवतीला) हात लावायचा नाही. झाड आडवं पडलं असेल तर फोटो काढून वाट सांभाळणाऱ्या क्लबला कळव. घरी गेल्यावर अंगावर गोचीड आहे का बघ, ती चावल्याने होणारा लाइमचा ताप वाईट.