शांघायला उतरलीस की आधी तुझ्या नावाचं सिम

"ताई, यांना शांघायला पोस्टिंग मिळालंय, डिसेंबरात मी आणि पाच वर्षांची लेक जातोय. भाषा येत नाही, घरात नॉनव्हेज चालत नाही, सासूबाईंना रोज नातीशी बोलल्याशिवाय करमत नाही. पहिले दिवस कसे काढू?" असं पुण्याहून एकीने विचारलंय.

अगं, भाषेचं आणि भाजीचं बघू नंतर, आधी फोनचं बघ. आणि फोन म्हणजे तुझा, नवऱ्याचा नाही.

मी आले तेव्हा सगळं यांच्याच फोनवर होतं, सिम यांच्या नावावर, पैसे यांच्या ॲपमधून, आणि हे सकाळी ऑफिसला गेले की माझ्याकडे फक्त पासपोर्ट आणि शंभर युआनच्या चार नोटा. खाली दूध घ्यायला गेले तर दुकानात सुट्टेच नाहीत, पुढचे मागचे सगळे क्यूआर कोड स्कॅन करून निघून जातायत, मी दूध काउंटरवर ठेवलं आणि परत वर आले. त्यानंतर चार दिवस मी लिफ्टने खाली गेले नाही. सगळ्यांना वाटलं भाषेची भीती बसली, पण तसं नव्हतं, हातात पैसे असून ते देता येत नव्हते. त्या चार दिवसांत जे मन खचलं ते भरून यायला दोन महिने गेले, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

तर पहिल्या दोन दिवसांत पासपोर्ट घेऊन स्वतः जाऊन स्वतःच्या नावाचं सिम घे. मग अलीपे, म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे द्यायचं इथलं ॲप, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, आणि ते भारतात असतानाच करून ठेवलंस तर फारच छान. नाव मात्र पासपोर्टवर छापलंय तसंच टाक, आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं असतं आणि आपण ते सवयीने गाळतो, इथे तेवढ्यावरून व्हेरिफिकेशन अडकतं. वीचॅट, म्हणजे इथलं मेसेज आणि पैशांचं दुसरं ॲप, भारतात 2020 पासून बंद आहे त्यामुळे ते इकडे आल्यावरच, आणि खातं उघडताना बऱ्याचदा आधीपासून वापरणाऱ्या कुणीतरी कोड स्कॅन करून द्यावा लागतो, ऑफिसमधल्या कुणालातरी आधीच सांगून ठेवा.

आता सासूबाई. व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब इथल्या इंटरनेटवर चालत नाही, आणि वीचॅट तिकडे चालत नाही, म्हणजे दोन्हीकडून दार बंद. हे त्यांना निघायच्या आधी नीट बसून सांग, नाहीतर पहिल्या दिवशी फोन लागला नाही की त्या रात्रभर जाग्या राहतील. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेव, रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲप चालतं, आणि बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात त्यामुळे ते सिम बंद करायचंच नाही. दोघींकडे आयफोन असेल तर फेसटाइमही चालतं. आपण अडीच तास पुढे, म्हणून रात्रीचा कॉल नको, लेक झोपून जाईल, इथले संध्याकाळचे 7 म्हणजे तिकडे साडेचार, आजीच्या चहाची वेळ, तीच धर.

कागदांचं एकच लक्षात ठेव, हॉटेलात उतरलात तर नोंदणी हॉटेलवाले करतात, पण थेट भाड्याच्या घरात गेलात तर 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद हवी, तिघांचीही. रेसिडेन्स परमिटला ती लागतेच.

फोन झाला की तिसऱ्या दिवशी लेकीला घेऊन भाजीबाजारात जा, सुपरमार्केटमध्ये नको. मी पहिल्यांदा गेले ते जूनमध्ये, एका आजींसमोर लाल माठ बघितला आणि तिथेच डोळे भरून आले. भाव विचारला तर त्यांनी अंगठा आणि तर्जनी दाखवली, मी दोन समजून दोन युआन पाठवले. त्यांनी हसून मान हलवली, माझा हात हातात घेतला आणि माझी बोटं तशी धरून म्हणाल्या "बा". बा म्हणजे आठ. इथे दहापर्यंत एका हातावर मोजतात, अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, हे लेकीला आधीच शिकव, ती तुझ्याआधी पाठ करेल. आणि पाटीवरचा भाव किलोचा नसतो बरं का, "चिन"चा असतो, म्हणजे अर्धा किलो. भेंडी, कारलं, दोडका, मूग, शेंगदाणे सगळं मिळतं. डिसेंबरात मुळा, पालक, रताळी भरपूर. पोहे, गोडा मसाला आणि हिंग तेवढं घेऊन ये.

बाहेर खाताना नुसतं "वो छ्र सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, म्हणून भागत नाही. टोफूच्या भाजीत खिमा असतो, पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. मांस नको, चरबी नको, मांसाचं सूप नको असं चिनी अक्षरात लिहून फोनमध्ये ठेव आणि दाखव. नानजिंग रोडवर गोंगदलिन म्हणून 1922 पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, पहिल्या रविवारी तिघं तिथे जा, एकदा तरी निर्धास्त जेवण होऊ दे.

सकाळी बिल्डिंगच्या खाली म्हातारी माणसं व्यायामाला जमतात, तिथे रोज दहा मिनिटं लेकीला घेऊन उभी राहा. आमच्या इथले एक आजोबा मी भारतातली म्हटल्यावर लगेच "ख दीह्वा" म्हणाले, हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला ते 1938 मध्ये चीनमध्ये आले आणि 1942 मध्ये चीनमध्येच गेले. त्या दिवसापासून आजोबा माझ्या लेकीला रोज एक शब्द शिकवतात.

आणि हो, शांघायमध्ये उत्तर चीनसारखं सेंट्रल हीटिंग नसतं, डिसेंबरात घरातच थंडी वाजते, तेव्हा लेकीचे स्वेटर आणि लोकरी मोजे बॅगेत अगदी वर ठेव, पहिल्या रात्रीच लागतील.