प्रश्न तुमचे: ऊस सोडलेलं बेट

मागच्या अंकात कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटाची ओळख करून दिली होती. तिथे एकेकाळी बेटभर ऊस होता आणि आज एक टिपरूही गाळपाला जात नाही, असं एक वाक्य त्यात जाता जाता आलं होतं. बहुतेक पत्रं त्याच वाक्यावर आली आहेत.

बाई, आमचा चार एकर ऊस आहे. दर उन्हाळ्यात मराठवाड्यातला ऊस बंद करा, अशी ओरड होते. त्या बेटाने ऊस सोडला, मग त्यांचा पाण्याचा प्रश्न मिटला का? आणि आता ते पोट कशावर भरतात?
– एक शेतकरी, औसा तालुका

नाही मिटला. आणि त्यांनी ऊस पाण्यासाठी सोडलाही नव्हता. युरोपात बीटची साखर आली, भाव पडत गेले, त्यात दुष्काळ पडले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साखर कारखाना कायमचा थांबला.

बेट केवढं, ते आधी पाहू. अँटिग्वा २८१ चौरस किलोमीटर, जोडीचं बार्बुडा १६१. दोन्ही मिळून जो देश होतो, तसे सोळा देश एकट्या लातूर जिल्ह्यात मावतील. लोकसंख्या सुमारे एक लाख. पाऊस वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. तरीही बारमाही नदी एकही नाही. कारण डोंगरात आहे. समुद्रावरचे वारे बाष्प घेऊन येतात, पण ते वर ढकलून पाऊस पाडायला उंच डोंगर लागतो. अँटिग्वाचं सर्वात उंच शिखर बॉगी पीक, उंची फक्त ४०२ मीटर. दक्षिणेला डॉमिनिका बेट आहे, तिथले डोंगर चौदाशे मीटरच्या वर जातात आणि तिथे नद्याच नद्या आहेत. त्यात अँटिग्वावरचं जंगल उसासाठी कधीच तोडलेलं. पडलेलं पाणी थांबत नाही, थांबलं तर ऊन ते उडवून नेतं.

बेटाच्या मध्यभागी पॉटवर्क्स नावाचा मोठा पण उथळ तलाव आहे. भरला तर सुमारे शंभर कोटी गॅलन पाणी धरतो. २०१४-१५ च्या दुष्काळात तो तळाला गेला, भेगा दिसू लागल्या. पाठोपाठ आपलं मांजरा धरणही कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. अँटिग्वानेही असंच परक्याच्या पाण्यावर दिवस काढले आहेत. १९८३-८४ च्या दुष्काळात त्यांनी त्याच डॉमिनिकाहून बार्जने पाणी आणलं.

आज त्यांचं बहुतेक पिण्याचं पाणी म्हणजे प्रकल्पात गोडं केलेलं समुद्राचं पाणी असतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओची एक नळी बादलीत खारट पाणी सोडत राहते ना, तेच तत्त्व, फक्त अवाढव्य. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून काढायचं तर वीज फार लागते आणि तिथली वीज मुख्यतः बाहेरून आणलेल्या तेलावर होते. म्हणजे तेल महागलं की पाणी महागलं. शिवाय घरोघरी छपराचं पाणी साठवायची टाकी असते, ती वेगळी. समुद्र आपल्याकडे नाही, छपरं आहेत. मला त्या प्रकल्पापेक्षा ती टाकी जास्त महत्त्वाची वाटते.

पोट पर्यटनावर. देशाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग हॉटेलं, क्रूझ जहाजं, विमानतळ यांतून येतो. आता यातली गोम पाहा. युरोप-अमेरिकेतला माणूस थंडी चुकवायला डिसेंबर ते एप्रिल तिथे जातो, आणि तिथले कोरडे महिने नेमके जानेवारीपासून सुरू होतात. आभाळ निरभ्र म्हणून पाहुणा येतो, आणि निरभ्र आभाळाच्याच दिवसांत त्याला आंघोळीला, पोहण्याच्या तलावाला पाणी द्यावं लागतं. आपल्या उसालाही उन्हाळ्यातच सर्वात जास्त पाणी लागतं. तिथे ऊस गेला, हॉटेल आलं, आणि पाण्याची ओढ त्याच महिन्यांत राहिली.

उसाखालची पुष्कळ जमीन नंतर नुसती झुडपाखाली गेली. दुसरं पीक नेटाने उभं राहिलंच नाही. बहुतेक अन्न जहाजाने येतं. २०२० मध्ये कोरोनात पर्यटक थांबले तेव्हा देशाची अर्थव्यवस्था एका वर्षात जवळपास पाचव्या हिश्श्याने खाली आली. आपल्या भागात ऊस कमी झाला पाहिजे असं मी वर्गात शिकवत आले आणि आजही माझं तेच मत आहे. पण ऊस बंद करा म्हणणाऱ्याने त्याच दमात सांगावं, की त्या चार एकरात काय पेरायचं आणि ते कोण कोणत्या भावाने घेणार. सोयाबीन-तुरीची हमीभावाने पुरेशी खरेदी होत नाही तोवर तुम्हाला एकट्याला दोष देणं मला पटत नाही.

माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहून बारावी करते. त्या बेटावर ऊस कोण तोडत होतं आणि त्यांचं पुढे काय झालं?
– एक विद्यार्थिनी, धारूर तालुका

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दिवाळीनंतर पटावरची निम्मी नावं गैरहजर होतात आणि मुलं कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, जातात, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथला ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तोडला. सतराव्या शतकात बेट्टीज होप हा मळा कॉड्रिंग्टन नावाच्या इंग्रज घराण्याकडे आला आणि मोठा झाला, तिथल्या पवनचक्क्यांचे दगडी बुरूज अजून उभे आहेत. वाऱ्यावर चरक फिरायचा, रस काहिलीत आटायचा. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागात गुलामी कायद्याने संपली. इतर बहुतेक बेटांवर सुटलेल्या माणसांना आणखी काही वर्षं मालकाकडे 'उमेदवारी', म्हणजे बांधील काम, करायला लावलं, अँटिग्वाने त्या दिवशी सरळ सोडून दिलं.

पण सुटले म्हणजे कुठे गेले? जमीन मालकाची, झोपडी मालकाची. लगेच करारांचा कायदा आला: मळ्यावर राहायचं तर मळ्यावर वर्षभर काम करायचं, नाहीतर झोपडी सोडायची. मुकादमाची उचल एकदा घेतली की हंगाम संपेपर्यंत हलता येत नाही, हे तुझ्या घरात तुला कोणी समजावून सांगायला नको. त्यातूनही काहींनी पै-पै जोडून मळ्याबाहेर आपली गावं वसवली. लिबर्टा, फ्रीटाउन ही त्यांतलीच.

संघटना व्हायला १९३९ साल उजाडलं. तोडकरी, बंदरावरचे हमाल, कारखान्यातले कामगार यांची 'अँटिग्वा ट्रेड्स अँड लेबर युनियन' झाली. पुढे तिचं नेतृत्व व्हिअर कॉर्नवॉल बर्ड यांच्याकडे आलं. शाळा बेताची, आधी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत काम केलेले, उंचेपुरे. १९५१ साली बेथेस्डा गावात एका चिंचेच्या झाडाखाली मळेवाल्यांच्या प्रतिनिधीशी बोलणी झाली. हो, चिंच. आपल्या बांधावरची चिंच तिथेही आहे. उपाशी राहिलात की कामावर याल, असं तो प्रतिनिधी म्हणाला. बर्ड यांनी उत्तर दिलं, की आम्ही समुद्रातले शिंपले खाऊ, रानचा पाला खाऊ, तळ्याचं पाणी पिऊ, पण तुमच्या दरात येणार नाही. ऊस शेतात उभा राहिला. लोकांनी खरंच पाला उकडून खाल्ला आणि अखेर मजुरीवाढ मिळवली. ज्या युनियनने कोयता खाली ठेवून दाखवला तिचाच पुढे पक्ष झाला, आणि १ नोव्हेंबर १९८१ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा बर्ड पहिले पंतप्रधान झाले.

त्यांचं पुढचं राजकारण मला सगळं आवडतं असं नाही. सत्ता घराण्यात फिरली, मुलगा लेस्टर नंतर पंतप्रधान झाला. पण चिंचेखालचा तो दिवस तुझ्या आईवडिलांना वाचून दाखव.

तिथले लोक खातात काय?
– एक वाचक, परभणी

फंजी. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात लाकडी दांड्याने घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मग वाडग्यात फिरवून त्याचा गोळा करायचा. सोबत पेपरपॉट म्हणजे पालेभाज्या आणि मांसाचा घट्ट रस्सा. दक्षिण किनाऱ्याला काळा अननस पिकतो, त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

एवढ्याशा देशाला संसद, पंतप्रधान हा पसारा परवडतो का? मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, राज्यव्यवस्था थोडक्यात सांगावी.
– एक विद्यार्थी, नांदेड

राष्ट्रप्रमुख इंग्लंडचे राजे चार्ल्स, त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल. कारभार पंतप्रधानांचा. खालच्या सभागृहात निवडून आलेले १७ सदस्य, १६ अँटिग्वाचे आणि एक बार्बुडाचा. सिनेटमध्ये १७ नेमलेले. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत गॅस्टन ब्राऊन यांच्या लेबर पक्षाला नऊ जागा मिळाल्या, म्हणजे तेव्हा एक सदस्य फुटला असता तर सरकार धोक्यात आलं असतं. शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. ते बदलून कॅरिबियन न्यायालय करावं का, यावर २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नकार दिला. चलन ईस्ट कॅरिबियन डॉलर, शेजारच्या बेटांबरोबर सामाईक. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा दर बांधलेला आहे. परवडतं ते असं, वाटून घेऊन. नोट वेगळी छापायची हौस त्यांनी केली नाही.

मेहुल चोक्सीला तिथलं नागरिकत्व कसं मिळालं?
– एक व्यापारी, जालना

विकत. २०१३ पासून देशात ठराविक रक्कम गुंतवली की पासपोर्ट मिळतो. चोक्सीने २०१७ मध्ये तो घेतला, पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर यायच्या थोडंच आधी. सरकारला या योजनेतून मोठा महसूल मिळतो, म्हणून ती सुटत नाही.

त्याआधीचा फटका जास्त जिव्हारी लागणारा होता. अॅलन स्टॅनफर्ड नावाच्या टेक्सासच्या माणसाने अँटिग्वात बँक थाटली, क्रिकेटचं मैदान बांधलं, देशाने त्याला 'सर' केलं. २००९ मध्ये उघड झालं, की जवळपास सात अब्ज डॉलरच्या ठेवी फसव्या आश्वासनावर गोळा केल्या होत्या. अमेरिकेत त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. जादा व्याजाच्या लोभाने ठेवी बुडालेली माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या लेखात बार्बुडा वादळानंतर रिकामं झालं असा उल्लेख होता. आम्ही किल्लारीच्या भूकंपातलं पुनर्वसन पाहिलेलं आहे. ते लोक परत गेले का?
– एक वाचक, उमरगा

गेले, पण सगळे नाही आणि लगेच नाही. ६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे इर्मा चक्रीवादळ बार्बुडावरून गेलं. बेट सपाट, अडवायला डोंगर नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त घरं मोडली, दोन वर्षांचं एक मूल गेलं. मागून दुसरं वादळ येत होतं, म्हणून दीड-पावणेदोन हजार माणसं बोटींनी अँटिग्वाला हलवली. तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्या बेटावर वस्ती उरली नाही.

किल्लारीत १९९३ नंतर गावं हलली, तरी सातबारा ज्याचा त्याच्याच नावावर राहिला. बार्बुडात वैयक्तिक मालकी कधी नव्हतीच. गुलामी संपल्यापासून जमीन साऱ्या गावाची, घराला हवी तेवढी धरायची, विकायची नाही. २००७ च्या कायद्याने ते लेखी झालं होतं. लोक अँटिग्वातल्या छावण्यांत असतानाच सरकारने तो कायदा बदलायला घेतला, कारण मोठ्या हॉटेलवाल्यांना पक्की मालकी हवी होती. माणसं विस्थापित असताना त्यांच्या जमिनीचा निर्णय घेणं मला साफ चूक वाटतं. २०२२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारचा कायदा बदलण्याचा अधिकार मान्य केला. मात्र नव्या विमानतळाच्या परवानगीला आव्हान देण्याचा हक्क बार्बुडाच्या रहिवाशांना आहे, असा निकाल त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. तोवर धावपट्टी जवळपास तयार झाली होती, आणि त्याच वर्षी तिथे विमानं उतरू लागली.