रांगेतला शेवटचा मुलगा

प्रिय मित्रा,

परवा सकाळी तुझं फुटबॉल कोचिंगचं सेशन बघायला आलो होतो. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बाणेरच्या त्या टर्फच्या जाळीबाहेर उभा होतो. सव्वासहाला तू हजर होतास, कोन मांडून तयार होते, सगळ्या बॉलमध्ये हवा सारखी होती. मी या गोष्टी आधी बघतो आणि त्या बघून बरं वाटलं.

मग तू चौदा मुलांची एकच रांग लावलीस. कोनमधून ड्रिबल करत जायचं, शूट मारायचं, परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. निळ्या मोज्यांतला एक किडकिडीत मुलगा रांगेत सगळ्यात मागे होता. मी घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटांत त्याचा नंबर चार वेळा आला. उरलेला वेळ तो पुढच्याची बिब, म्हणजे टीम ओळखायचं जाकीट, ओढत होता, नाहीतर जाळीवर बसलेल्या कावळ्याकडे बघत होता. तू दोनदा त्याच्यावर ओरडलास, ‘लक्ष कुठंय तुझं?’ अरे, लक्ष द्यावं असं त्याच्या वाट्याला आलंच काय होतं?

तू मला तीन प्रश्न विचारलेस. नोकरी सोडू का, कोचिंगच्या लायसन्सचं काय करू, आयएसएलपर्यंत, म्हणजे इंडियन सुपर लीगपर्यंत, पोचायला किती वर्षं लागतील. तिन्हींची उत्तरं देतो, पण आधी या मुलाचं बोलू, कारण तुझं पुढचं सगळं यावर अवलंबून आहे असं मला मनापासून वाटतं.

चौदा मुलं आहेत ना? टर्फवर दोन छोटी मैदानं आख. एकेका मैदानात चार विरुद्ध तीन. दर चार मिनिटांनी जास्तीचा खेळाडू दुसऱ्या बाजूला पाठव. रांग नाही, वाट बघणं नाही. ड्रिबलिंग याही खेळात येतं, शिवाय समोर बॉल हिसकावणारा पोरगा असतो. कोन काही पाय मधे घालत नाही. बॉल कधी ठेवायचा आणि कधी सोडायचा हे मुलाला समोर माणूस असल्याशिवाय कळत नाही. आणि तू मधोमध उभा राहतोस, ते सोड. निम्मी मुलं तुझ्या पाठीमागे जातात. कोपऱ्यात उभा राहा, सगळे एका नजरेत येतील. शिट्टी कमी वाजव. परवा शेवटच्या मॅचमध्ये तू खेळ अकरा वेळा थांबवलास. मुलांना लय सापडली की तू बोलायला लागायचास. तुला बरंच येतं आणि ते सगळं आजच सांगून टाकावंसं वाटतं. तुझ्या वयात मीही तसाच बोलत सुटायचो. एका सेशनला एकच गोष्ट सांग.

आता लायसन्स. डी पासून सुरुवात कर. तो कोर्स एआयएफएफचा, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाचा, असतो, आपल्याकडे वायफा या राज्य संघटनेकडून त्याच्या तारखा कळतात. पुढे एएफसीचं, म्हणजे आशियाई महासंघाचं, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. दोन पायऱ्यांच्या मधे प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे पैसे भरून भराभर वर चढता येत नाही, आणि हे योग्यच आहे. आयएसएलमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो लागतं. खर्च आपल्या खिशातून होतो, तेव्हा दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा.

किती वर्षं, याचं उत्तर आकड्यात देणार नाही. खालिद जमीलकडे बघ. 2009 पासून सात वर्षं ते मुंबई एफसीचे कोच होते. हाताशी मोठे पैसे नाहीत, मोठी नावं नाहीत, आणि दर हंगामाला टीम आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवायची. नंतर मिझोरमच्या आयझॉल एफसीला गेले आणि 2016-17 ला तो छोटा क्लब आय-लीगचा विजेता झाला. लोकांना विजेतेपद दिसलं. मला ती आधीची सात वर्षं दिसतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले.

नोकरी मात्र लगेच सोडू नकोस. तुझ्या आईच्या काळजीत तथ्य आहे आणि मी तिच्या बाजूने बोलतोय. आपल्या पुण्याचंच बघ. पुणे एफसी 2007 ला सुरू झाला, 2012-13 ला डेरिक परेरांच्या हाताखाली आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 ला संपला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी 2014 ला आला, 2019 ला गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीच्या त्या मॅचेसना मी पोरांची बस भरून न्यायचो. क्लब बंद होतो तेव्हा खेळाडूंच्या बातम्या येतात. असिस्टंट कोच, फिजिओ, किटमन मुकाट्याने घरी जातात. 2025 च्या जुलैत तर आयएसएलच अधांतरी राहिली आणि त्यानंतर काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक झाल्याशिवाय राजीनामा लिहू नकोस. काम कुठेही घेतलंस तरी करार कागदावर घे. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून शाळेत लागलास तर त्यात कमीपणा मानू नकोस. भारताच्या टीमचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीम, आमचे रहीमसाहेब, शिक्षकच होते.

त्यांच्यावरून एक सांगायचं आहे. ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

1962 च्या जकार्ता एशियाडची गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ. जर्नैलसिंग डिफेंडर. डोक्याला मार लागला, टाके पडले, तरी रहीमसाहेबांनी त्यांना सेमीफायनल आणि फायनलला सेंटर फॉरवर्ड खेळवलं. फायनलमध्ये त्यांनी गोल केला आणि आपण दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण आणलं. ही गोष्ट ऐकत मी वाढलो आणि कोच झालो.

मग एका आंतरशालेय फायनलला माझ्याकडे सोळा वर्षांचा एक डावखुरा विंगर होता. सेमीफायनलपासून त्याचा गुडघा सुजलेला. सकाळी मी बोटाने दाबून बघितलं तर खळगा तसाच राहत होता. तो म्हणाला, ‘सर, खेळतो मी.’ मी क्रेप बँडेज बांधलं आणि त्याला जर्नैलसिंगांची गोष्ट सांगितली. विश्रांतीनंतर वळताना तो पडला आणि उठलाच नाही. आम्ही जिंकलो. त्याचं लिगामेंट गेलं होतं.

आज तो चिंचवडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जिना उतरताना कठडा धरून उतरतो. कुठे भेटला की वाकून नमस्कार करतो आणि मला तिथे उभं राहवत नाही. जर्नैलसिंग मोठे, कसलेले खेळाडू होते, निर्णय त्यांचाही होता. माझ्या पोराने ‘खेळतो’ म्हटलं ते मला खूश करायला. सोळाव्या वर्षी मुलगा कोचला नाही म्हणू शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. तुझ्यासमोर ही वेळ येईल, फायनललाच येईल, आणि पालकही म्हणतील, ‘खेळू द्या सर.’ तू त्याला बाहेर बसव. मोठ्या मुलांना फिफाचा ‘11+’ नावाचा वॉर्मअप रोज करायला लाव. वीस मिनिटं लागतात. उडी मारल्यावर पाय कसा टेकायचा, गुडघा आत कसा जाऊ द्यायचा नाही, हे त्यात येतं, आणि नियमित केलं तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. माझ्या वेळी हे नव्हतं. बोटाखालचा खळगा मात्र दिसत होता.

अजून एक. मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडायचं नाही. यात कसलीही सवलत घेऊ नकोस.

येत्या रविवारी एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर ये. कुठली तरी मॅच चालू असतेच. वही आण. स्कोअर लिहायचा नाही. एक खेळाडू निवड आणि बॉल त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते अर्धा तास लिही: कुठे बघतो, कधी थांबतो, कुणाला आवाज देतो. नंतर चहा घेत तुझी वही वाचू. आणि त्या निळ्या मोज्यांच्या मुलाला चार विरुद्ध तीनमध्ये वीस मिनिटांत किती वेळा बॉल मिळाला, तो आकडाही शेवटच्या पानावर लिहून आण. मी साडेसातपासून तिथेच असेन.

तुझा,
सर