डिप्रेशन ग्लास जमवताना 'माद्रिद' नक्षी घ्यावी का?

जुन्या वस्तूंच्या दुकानात डिप्रेशन ग्लासच्या, म्हणजे 1930च्या दशकातील महामंदीत अमेरिकेत निघालेल्या स्वस्त रंगीत काचेच्या, 'माद्रिद' नक्षीच्या मधाळ रंगाच्या चार ताटल्या मिळाल्या आहेत, तेव्हा हाच संच पुरा करावा की नकलांच्या धास्तीने दुसरी नक्षी धरावी, असे आपण विचारले आहे. माद्रिदच जमवा. माझे हे मत तटस्थ नाही, कारण याच नक्षीवरून आमच्या घरी एक दिवाळी कडू झाली होती.

तेव्हा आम्ही ओहायोतील कोलंबसला राहत होतो. 1932 ते 1939 या काळात ही नक्षी काढणारी फेडरल ग्लास कंपनी त्याच गावची, त्यामुळे हौसेला अभिमानाची जोड मिळाली आणि दोन वर्षे रविवार खर्ची घालून मी साडेदहा इंची आठ ताटल्या जमवल्या. फराळ त्यांतच वाढला. थोरल्या जाऊबाईंनी शेवटची करंजी संपवली, चकलीचा चुरा बोटाने बाजूला सारला, ताटली खिडकीच्या उजेडात धरली आणि नक्षीत दडलेला बारीकसा '76' हा आकडा सर्वांदेखत वाचून दाखवला. "म्हणजे सगळ्याच नकली की गं!" उरलेल्या सात ताटल्यांवर तो आकडा नव्हता, पण ते ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही.

वास्तविक '76' असलेली ताटली ही नक्कल नव्हेच. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त 1976 मध्ये फेडरलनेच ही नक्षी 'रीकलेक्शन' या नावाने पुन्हा काढली आणि कोणाची फसगत होऊ नये म्हणून साल काचेतच घातले. खरा घोळ त्यानंतरचा आहे: फेडरल बंद पडल्यावर साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या कंपनीकडे गेले, तो आकडा काढून टाकण्यात आला आणि गुलाबी, निळ्या रंगांतही माल निघाला. म्हणून माद्रिदचा गुलाबी रंग मी घेतच नाही, आणि निळा घेताना जुन्या निळ्याचा मवाळपणा डोळ्यांत भरल्याशिवाय पैसे काढत नाही. नवा निळा अधिक भडक असतो. जाऊबाईंना हा फरक मी तीनदा समजावला आहे. "ओटच्या डब्यात फुकट मिळणारी भांडी ती," हे त्यांचे दुसरे वाक्य मात्र खरे आहे. मंदीच्या काळात ही काच ओटच्या डब्यांतून आणि चित्रपटगृहांतून भेट म्हणून वाटली जात असे, त्यामुळे काचेतले बुडबुडे किंवा साच्याची रेघ दिसली म्हणून नाक मुरडू नये. काठ मात्र बोट फिरवून तपासावा, कारण टवका उडालेल्या ताटलीचे मोल घसरते.

'चेरी ब्लॉसम' या दुसऱ्या नक्षीच्या नकला 1973 पासून निघत आहेत, तेव्हा त्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. हिरवी काच अतिनील दिव्याखाली चमकली तरी तेवढ्यावरून ती जुनी ठरत नाही. आणि भांडी धुण्याच्या यंत्रात यांतले काहीही घालू नका; काचेवर कायमचे धुके चढते.

आपल्या चारांपैकी एखादीवर '76' निघाला, तर ती परत न करता दुकानदाराकडून दर तेवढा उतरवून घ्या. माझी ती ताटली मी जुन्याच्या पूर्ण दराने घेतली होती, हे जाऊबाईंना अद्याप सांगितलेले नाही.