‘दुर्लक्ष कर’ एवढं सांगून तिला नेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न असा: नर्सची नोकरी मिळाल्याने जानेवारीत तुम्ही दोघं मुलीला घेऊन फोंड्याहून इंग्लंडला निघताय. मुलगी आठवीत आहे, येत्या जुलैत तिला चौदा पूर्ण होतील. तिथल्या शाळेत रंगावरून, नावावरून छळलं तर काय करायचं? शिवाय तुम्ही लिहिलंय की ‘दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे बघ’ असं तिला आतापासून सांगून ठेवलंय. तो सल्ला आधी मागे घ्या. तिथला कारभार लेखी नोंदीवर चालतो. मुलगी गप्प बसली तर शाळेच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

तिच्याशी बोलायला सुरुवात गोव्यापासूनच करा. आपल्याकडे बाहेरून आलेल्या मजुराच्या मुलाला ‘घाटी’ म्हणतात, त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, ते तिने पाहिलेलं असणार. आजवर ती त्या शब्दाच्या सुरक्षित बाजूला होती, उद्या दुसऱ्या बाजूला असेल. हे तिला स्पष्ट सांगितलं की दोन गोष्टी साधतात. आपल्यातच काही खोट आहे म्हणून चिडवतात, असं तिला वाटत नाही. आणि घरी येऊन सांगण्याची लाज कमी होते. मग शब्द सांगा. ‘पाकी’ ही तिथली जुनी वांशिक शिवी आहे, ती कुठल्याही दक्षिण आशियाई माणसाला देतात. ‘आम्ही पाकिस्तानी नाही, भारतीय आहोत’ हे तिचं उत्तर नव्हे. त्याने शिवी फक्त दुसऱ्याच्या अंगावर जाते. ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा निव्वळ कुतूहलाचा असतो. एकदा विचारलं तर ‘गोव्याची’ म्हणून मोकळं व्हावं. तोच मुलगा तोच प्रश्न चारचौघांत हसत पुन्हापुन्हा विचारू लागला, की ते कुतूहल उरत नाही.

आता नोंद. घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा (वर्ग, कॅन्टीन, बस), जसेच्या तसे शब्द, कोणी पाहिलं, कोणत्या शिक्षकाला सांगितलं. ‘घाण बोलला’ असं लिहू नका, शिवी असेल तर शिवीच लिहा. त्याच दिवशी फॉर्म ट्यूटरला, म्हणजे वर्गशिक्षकाला, ईमेल करा. फोनवर बोलणं झालं तरी मागून ईमेल हवाच. त्यात ‘बुलिंग’ एवढाच शब्द घालू नका. ही घटना ‘रेसिस्ट इन्सिडेंट’ म्हणून नोंदवा आणि काय केलं ते अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा, असं मागा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर हेड ऑफ इयर, म्हणजे त्या इयत्तेचे प्रमुख शिक्षक, मग हेडटीचर, म्हणजे मुख्याध्यापक, मग शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या गव्हर्नर मंडळाकडे औपचारिक तक्रार. तक्रारीची पद्धत शाळेच्या वेबसाइटवर असते, ती पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा. स्नॅपचॅटवरचे संदेश आपोआप पुसले जातात, आणि स्क्रीनशॉट घेतला की पाठवणाऱ्याला कळतं. म्हणून दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, त्यात पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे.

कायदा नीट समजून घ्या, कारण इथे गोंधळ होतो. 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे समानतेचा कायदा, शाळेच्या वागण्याला लागू होतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाला थेट नाही. पण वांशिक छळाची तक्रार शाळेने इतर छळापेक्षा हलक्यात घेतली, तर तो शाळेचा भेदभाव ठरू शकतो. त्याचा दावा काउंटी कोर्टात सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ‘वर्ष संपू दे, मग बघू’ म्हटलं की मुदत जाते. मारहाण, धमकी, पाठलाग असेल तर पोलीस: धोका समोर असेल तर 999, नाहीतर 101. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या 1993 मधल्या खुनानंतर झालेल्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल 1999 मध्ये आला. घटना वांशिक आहे असं पीडिताला किंवा इतर कोणालाही वाटलं तरी तिची तशी नोंद व्हावी, हे तत्त्व तिथून रुजलं. पुरावा गोळा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तिने हात मात्र उगारू नये. शिवी कोणाच्या कानावर पडत नाही, थप्पड सगळ्यांना दिसते. मग सस्पेन्शन तिलाच होतं आणि मूळ घटना मागे पडते. मोठ्या आवाजात एकच वाक्य, ‘हे रेसिस्ट आहे, मी सांगणार आहे’, आणि सरळ जवळच्या शिक्षकाकडे चालू पडायचं. हे इंग्रजीत घरी चारपाच वेळा म्हणवून घ्या, नाहीतर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

ज्याची कोणी तक्रार करत नाही असा एक पूर्वग्रह मला शिवीपेक्षा जास्त घातक वाटतो. ती जानेवारीत, तिथे वयानुसार मिळणाऱ्या इयर नाइनच्या मध्यावर दाखल होईल आणि त्याच वसंतात पुढच्या दोन वर्षांचे जीसीएसईचे, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेचे, विषय निवडायचे असतील. बऱ्याच शाळांत गणित-विज्ञानाच्या तुकड्या कुवतीनुसार करतात, त्यांना सेट म्हणतात. नवी मुलगी, वेगळे उच्चार, म्हणून ‘सध्या खालच्या सेटमध्ये बसू दे’ असं सहज होतं. खालच्या सेटमधून गणिताचा फाउंडेशन, म्हणजे सोपा, पेपर वाट्याला येतो, आणि त्यात कितीही चांगलं लिहिलं तरी पाचच्या वर ग्रेड मिळत नाही. पुढे बारावीच्या पातळीला, ए लेव्हलला, गणित घ्यायचं तर सहसा त्याहून वरची ग्रेड लागते. म्हणून मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, गणिताचं पाठ्यपुस्तक आणि सोडवलेल्या उत्तरपत्रिका सोबत न्या, लेखी चाचणी घेऊन सेट ठरवा असं सांगा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारा.

बारीकसारीक: तिच्या नावाचं आखूड रूप शाळेने पाडण्याआधी उच्चार तुम्हीच लिहून द्या. बांगडी, गंडा, कुंकू यांचे नियम आधी विचारा. 2008 मध्ये वेल्समधल्या एका शीख मुलीने कड्यासाठी हायकोर्टात शाळेविरुद्ध खटला जिंकला होता, पण त्यावरून प्रत्येक दागिना चालतो असं समजू नका. धर्मशिक्षणाच्या तासाला हिंदू धर्मावरचे, जातीवरचे प्रश्न तिच्याकडे वळतील. ‘मला माहीत नाही, सर’ म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि फोडणीचा, तळलेल्या बांगड्याचा वास लोकरी कोटात बसतो. कोट स्वयंपाकघरापासून लांब, दार लावलेल्या खोलीत ठेवा. हुमण, म्हणजे माशाची आमटी, मात्र बंद करू नका, आणि ते वासामुळे बंद केलंय असं तिला कधी वाटू देऊ नका.

जे तिला तुमच्याशी बोलता येत नसेल ते तिने चाइल्डलाइनला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या फोनसेवेला, सांगावं: 0800 1111, फोन फुकट. नंबर तिच्या फोनमध्ये तुम्हीच घालून द्या.